पंपाचा विमा आणि माझा साखरपुडा

माझा साखरपुडा दुपारी होता आणि मेंदी त्याच दिवशी सकाळी. आमच्या बेळगावच्या वडगावात असं कुणी करत नाही. मेंदी आदल्या दिवशी लावायची, हात उशीवर ठेवून झोपायचं आणि सकाळी रंग किती चढला ते शेजारणींना दाखवत फिरायचं, ही रीत. पण आदल्या दिवशी दिवे लागेपर्यंत मी ऑफिसात होते. निपाणीच्या साइटवर दुसऱ्या दिवशी स्लॅब होता आणि त्याचे कागद गेल्याशिवाय माझा जीव तिथून निघत नव्हता. आई फोनवर म्हणाली, "तुझा साखरपुडा हाय का त्या स्लॅबचा?" मी म्हटलं, दोघांचा.

मी बेळगावात एका बांधकाम कंत्राटदाराकडं नोकरीला आहे. खडेबाजारातल्या गर्दीतून एका बोळात वळलं की जिन्यावर आमचं ऑफिस. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. माझं काम विम्याचं. एका इमारतीवर कितीतरी जण राबत असतात: सेंट्रिंगवाले, सळईवाले, क्रेनवाले, काँक्रीट वर चढवणारे पंपवाले. त्या प्रत्येकाचा विमा लागतो. मजुराला काही झालं तर एक, दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर वेगळा. मुदत संपलेली असली किंवा नोंद सापडली नाही तर इमारतीच्या मालकाची माणसं गेटातून आत सोडत नाहीत. बघण्याच्या कार्यक्रमात हे सगळं मी मन लावून सांगितलं होतं. सगळं ऐकून मुलाच्या आईनं विचारलं, म्हणजे तू विमा विकतीस व्हय? मी न्हाय म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पण पटलं असं काही वाटलं नाही.

आमच्या सगळ्या नोंदी एका सॉफ्टवेअरमध्ये असतात. पूर्वी एक पॉलिसी शोधायची तर आधी प्रोजेक्ट उघडा, मग कंत्राटदार, मग त्याच्या पोटात विमा, मग त्याच्या पोटात कागद, असा खेळ चालायचा. काही महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअरवाले आले आणि त्यांनी त्याला एक एआय एजंट जोडून दिला. एजंट म्हटल्यावर अण्णांनी पहिलाच प्रश्न विचारला, कमिशन किती घेणार. आमच्याकडं एजंट म्हणजे आरटीओच्या दारातला नाहीतर प्लॉट दाखवणारा. त्या लोकांनी समजावलं की हा माणूस नव्हे, आणि कमिशन घेत नाही. त्याच्या हातात फक्त एक चावी दिलीय. कुठल्या कामाचा विमा पाहिजे ते बोलून सांगायचं, तो आत जाऊन नोंदी काढून आणतो: कुणाचा विमा, कसला, कधीपासून कधीपर्यंत, आणि सोबतचा कागद. तो वाचू शकतो, बदलू काही शकत नाही. अण्णा चहाची बशी हातात धरून ऐकत होते. त्यांनी खानापूरच्या कामातले मुदत संपलेले विमे विचारले, आणि चहा निवायच्या आत यादी समोर आली. अण्णांनी बशी खाली ठेवली, बाहेरून सगळ्यांना हाक मारली आणि तेच पुन्हा विचारायला लावलं. मला तर पहिल्या दिवशी इतकं गमतीचं वाटलं की गरज नसताना मी जुन्या-जुन्या कामांचे विमे मागवत बसले. फोनवर तो चालायचा फक्त माझ्या आणि अण्णांच्या नावानं, आणि अण्णा कधी हात लावत नसत.

तर त्या सकाळी मी आमच्या सोप्यात पाटावर बसले होते आणि आक्काची एक मैत्रीण माझ्या हातांवर कोपरापर्यंत मेंदी काढत होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शेजारी काकांचे यंत्रमाग चालू होते. साखरपुड्यासाठी दुपारी बंद करणार होते, तोवर खटाखट खटाखट आवाज घरभर. आम्ही त्या आवाजातच वाढलो, आम्हाला तो ऐकू येत नाही. दोन्ही हात पुरे रंगले, मैत्रिणीनं शेवटचं फूल काढलं, आणि तेवढ्यात दारात गाडी थांबली.

मुलाकडची, निपाणीची मंडळी होती. हायवेचं काम चाललंय म्हणून अडकू नये, अशा विचारानं ती पहाटेच निघाली होती, आणि नेमका त्या दिवशी रस्ता मोकळा मिळाला. आई आतून बाहेर आणि बाहेरून आत पळू लागली. पप्पा बनियनवर होते, ते मागच्या दारानं गेले आणि शर्ट घालून पुढच्या दारानं आले, जणू बाहेरूनच येत आहेत. मी हात पुढं धरून तशीच पाटावर. ना उठता येत होतं, ना पदर सावरता येत होता. ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो माझ्या बरोबर समोरच्या खुर्चीवर येऊन बसला. त्याचं निपाणीत चष्म्याचं दुकान आहे, डोळे तपासतो. आम्ही त्याआधी दोनदाच भेटलो होतो, आणि दोन्ही वेळा त्याच्यापेक्षा त्याची आईच जास्त बोलली होती. त्यानं माझ्या हातांकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला उगाच हसू यायला लागलं. त्या दिवशी मला सकाळपासूनच कशावरही हसू येत होतं.

आणि मग माझा फोन वाजला.

आक्कानं फोन माझ्या कानाला लावला. साइटवरचे इंजिनिअर होते. निपाणीच्या पुढं, कोगनोळीच्या अलीकडं, हायवेला लागून आम्ही एक दवाखान्याची इमारत बांधत होतो, त्या साइटचे. त्यांचा आवाज इतका शांत होता की काहीतरी मोठं बिघडलंय हे मला लगेच कळलं. ठरलेला पंप सकाळी बंद पडला होता. त्यांनी धावपळ करून कोल्हापूरहून दुसरा मागवला होता. हा पंपवाला पूर्वी, इमारतीच्या पायाच्या वेळीही आमच्याकडं येऊन गेला होता, त्यामुळं काळजी नव्हती. पंप आला, गेटवर उभा राहिला, आणि दवाखान्याच्या लोकांनी नेमलेल्या सेफ्टी ऑफिसर मॅडमनी त्याचा विमा विचारला. ड्रायव्हरनं मोबाइलमधला फोटो दाखवला, तो मागच्या सालचा निघाला. मॅडम धारवाडकडच्या, मराठी बोलतात पण ठाम बोलायचं झालं की कन्नडमध्ये बोलतात. त्या म्हणाल्या, "आगल्ला." म्हणजे जमायचं नाही. चालू विमा आपल्या नोंदीत दिसला तरच पंप आत येईल. आणि कागलकडच्या प्लँटमधून काँक्रीटच्या गाड्या निघाल्या होत्या. काँक्रीट काही वाट बघत नाही, गाडीत फिरून फिरून ते घट्ट व्हायला लागतं.

मॅडमचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. इंजिनिअर म्हणाले, अण्णांना लावला तर ते म्हणतात मी साखरपुड्याला निघालोय, पोरीलाच विचारा.

मी आक्काला सांगितलं, फोनमधला तो एजंट उघड आणि माझ्या तोंडापुढं धर. आक्कानं उघडला. सगळी निपाणीची मंडळी बघत होती. मी शक्य तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "निपाणीच्या कामात पंपाचा विमा बघ."

मागांची खटाखट चालूच होती. फोननं थोडा वेळ घेतला आणि मग त्याच्या त्या स्वच्छ, पुस्तकी मराठीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पप्पांच्या विम्याची नोंद या प्रकल्पात सापडली नाही. पप्पा हे एखाद्या कंत्राटदाराचं नाव आहे का?"

पप्पा शर्टाचं वरचं बटण लावत होते, त्यांचा हात तिथंच थांबला. मुलाच्या मामांनी पप्पांकडं बघितलं. पप्पा म्हणाले, "माझा कसला विमा? मी काढलाच न्हाय अजून." आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. हात पुढं धरलेले, तोंड झाकता येईना, डोळ्यांतून पाणी. आक्का हसू लागली, तिच्या हातातला फोन हलू लागला. आई माझ्याकडं असं बघत होती की आत्ताच्या आत्ता हिला कुठंतरी न्यावं.

मी आणखी एकदा बोलून बघितलं. यावेळी त्यानं "पंपा" नावाच्या कंत्राटदाराबद्दल विचारलं. मागांच्या आवाजात त्याला माझं काही ऐकू येत नव्हतं. काकांना माग बंद करायला सांगावं तर अर्ध्यात धागा तुटेल म्हणून ते कुरकुरणार. तेव्हा समोरच्या खुर्चीवरून आवाज आला. "गच्चीवर जाऊया का? वर आवाज कमी असंल."

तो बोलला होता. त्याच्या आईनं त्याच्याकडं वळून बघितलं. तो उभा राहिला आणि आक्काच्या हातातून त्यानं फोन घेतला. मी पाटावरून उठले. आक्का सोबत आलीच पाहिजे होती, ती आली. जिना अरुंद, मी दोन्ही हात हवेत धरून पुढं, मागं आक्का, तिच्यामागं तो. खालून कुणीतरी विचारत होतं, हे कुठं निघाले सगळे?

गच्चीवर ऊन चांगलं तापलं होतं. वाळत घातलेल्या सुताच्या लडी होत्या, त्यांच्या सावलीत आम्ही उभे राहिलो. त्यानं फोन माझ्याकडं वळवला आणि मी काही बोलायच्या आत तो स्वतःच बोलला. दुकानात आलेल्या म्हाताऱ्यांना कुठली ओळ दिसतीय विचारतात ना, तशा संथ, सुट्या शब्दांत. "निपाणीच्या दवाखान्याच्या कामात. काँक्रीट पंप पुरवणाऱ्याचा विमा. दाखव."

यावेळी एजंटला कळलं. त्यानं त्या कामातले सगळे विमे काढून आणले. इमारतीचा मुख्य विमा होता, चालू. सेंट्रिंगवाल्यांच्या मजुरांचा होता, चालू. सळईवाल्यांचा, लिफ्टवाल्यांचा, बंद पडलेल्या त्या पहिल्या पंपाचा, सगळे चालू. कोल्हापूरच्या पंपवाल्याचं नावच नव्हतं. मग फोन पुढं म्हणाला, त्या पंपवाल्याचा विमा नाही असं मी म्हणत नाही, एवढंच की या प्रकल्पात त्याची नोंद नाही. आणि त्यानं विचारलं, "निपाणी नावाचा आणखी एक प्रकल्प दिसतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्यात एक पी आहे, या प्रकल्पात दोन. तिथे पाहू का?"

मी आ वासून उभी. असा प्रोजेक्ट आहे हे मला माहीतच नव्हतं. ही गोष्ट मी नोकरीला लागायच्या आधीची. नंतर अण्णांकडून कळलं की सुरुवातीला आमच्या लोकांनी आपण बोलतो तसं एका पीचं निपाणी लिहून काम उघडलं होतं. मग दवाखान्याच्या लोकांनी सांगितलं की सरकारी नाव दोन पींचं आहे, तसंच पाहिजे. म्हणून नवीन प्रोजेक्ट उघडला आणि जे कंत्राटदार कामावर होते त्यांच्या नोंदी तिकडं नेल्या. पायाचं काम संपवून गेलेला पंपवाला मागंच राहिला. पण त्याचा विमा दर साली येत राहिला आणि कुणीतरी तो जुन्या जागी ठेवत राहिलं.

फोन धरून उभा असलेला तो म्हणाला, "आमच्या गावाला किती पी, ह्याच्यावरनं आमच्या शाळेत बी भांडणं व्हायची." आणि फोनला म्हणाला, "बघ की."

नोंद सापडली. दोन पॉलिसी. मजुरांची अजून कितीतरी महिने चालणारी. आणि पंपाच्या नुकसानभरपाईची, चालू होती, पण आज मध्यरात्रीपर्यंत. फोननं ते स्वतःहून सांगितलं, की मुदत आज संपते आहे, लक्षात घ्यावं. आक्का म्हणाली आज संपतीय म्हणजे आज हाय ना अजून? मी म्हटलं, व्हय, आज हाय. आणि दोघींनी नाचल्यासारखं काहीतरी केलं. मी हात वर धरून, ती सुताच्या लडीला धरून.

पण काम संपलं नव्हतं. विमा ह्याच पंपाचा आहे की त्या मालकाच्या दुसऱ्या कुठल्या गाडीचा, ते नोंदीत लिहिलेलं नव्हतं. ते असतं मागं जोडलेल्या कागदात. कागद उघडला तर स्कॅन वाकडा, अक्षरं मुंगीएवढी. मी डोळे बारीक केले, मला काही दिसेना. त्यानं फोन आडवा केला, लांब धरला, जवळ आणला, मग खिशातून एक छोटं भिंग काढलं. साखरपुड्याला भिंग घेऊन आलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मी विचारलं हे कशाला आणलंय. तो म्हणाला सवय आहे, असतं खिशात. भिंग स्क्रीनवर धरून त्यानं गाडीचा नंबर एकेक अक्षर वाचला. आक्कानं आपल्या फोनवरून इंजिनिअरना लावलं, त्यांनी गेटवर जाऊन पंपाची पाटी वाचली. दोघं एकमेकांना न बघता शेवटच्या आकड्यापर्यंत एकाच सुरात वाचत गेले. जुळला.

आता ती नोंद दोन पींच्या निपाणीत नेणं बाकी होतं. मी फोनला सांगितलं, तिकडं टाक. तो म्हणाला की त्याला फक्त पाहण्याची परवानगी आहे, बदल मला स्वतःला करावा लागेल. मी माझ्या हातांकडं बघितलं. मेंदी अजून ओली होती, चमकत होती. आक्कानंही हौसेनं एका हातावर लावून घेतली होती, आणि दुसऱ्या हातात तिचा फोन होता, पलीकडं इंजिनिअर. म्हणजे हात होते ते त्याचेच.

मग मी सांगत गेले आणि तो दाबत गेला. वर कोपऱ्यात. न्हाय, त्याच्या शेजारचं. आता खाली. आता कंत्राटदार निवडा, दोन पींचं निपाणी बघा नीट. तो संकोच न करता "ह्यो का?" विचारत होता आणि मी "व्हय, ह्योच" म्हणत होते. दोन भेटींत आम्ही जे बोललो नव्हतो ते त्या गच्चीवर बोलून झालं, आणि त्यात विम्याशिवाय काही नव्हतं. वाऱ्यानं माझी एक बट सारखी तोंडात जात होती. मी फुंकर मारून ती बाजूला करत होते आणि सूचना देत होते. ते बघून त्यानं फोनवरून नजर न काढता आक्काला म्हटलं, "आक्का, त्यांचे केस जरा मागं घ्या, त्यांना बोलाय येईना." आक्कानं फोन धरलेल्या हाताच्या बोटानं बट कानामागं घेतली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "बरा हाय गं." मी तारीख भरायला सांगत होते, मध्येच अडकले. त्यानं विचारलं, पुढं काय? मला पुढचं काही आठवेना. हसू आलं. त्यालाही आलं. पहिल्यांदा मी त्याला हसताना बघितलं. पुढचे दात किंचित एकमेकांवर चढलेले आहेत त्याचे.

कागद जोडताना त्याचा अंगठा चुकून माझ्या तळव्याला लागला आणि मेंदीचा एक ठिपका स्क्रीनवर उमटला. तो पुसायला गेला तर आणखी पसरला. आम्ही तशाच हिरव्या स्क्रीनवर शेवटचं बटण दाबलं.

इंजिनिअरनी आक्काच्या फोनवर सांगितलं, मॅडम त्यांच्या टॅबवर बघतायत. मग मॅडमच बोलल्या. त्यांनी नोंद वाचली होती, गाडीचा नंबर त्यांनीही पडताळला होता. पंप आत घेते, म्हणाल्या. पण मुदत आज आहे, तर काम आजच पुरं व्हायला हवं आणि संध्याकाळपर्यंत पंप बाहेर जायला हवा. उद्या नवीन पॉलिसी दिसल्याशिवाय तो परत येणार नाही. मी सगळ्याला हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही इतक्या लांबून का बोलताय, आवाज घुमतोय. मी सांगितलं की गच्चीवर आहे, हातांना मेंदी आहे, दुपारी साखरपुडा आहे. मग त्या म्हणाल्या, "मग एवढा वेळ नोंदी कोण भरत होतं?" मी म्हटलं, नवरा मुलगा. पलीकडं इंजिनिअर मोठ्यानं हसले. आणि त्यांच्या हसण्यामागं पंप चालू झाल्याची घरघर ऐकू आली, लांबून, कोगनोळीच्या बाजूनं, वडगावच्या गच्चीवर.

नवऱ्या मुलानं माझा फोन परत तोंडाशी धरला. कुणाशी तरी आनंद वाटून घ्यावासा वाटत असणार. तो एजंटला म्हणाला, "काम झालं बघ. आणि आज ह्यांचा आणि माझा साखरपुडा हाय." फोननं दोघांचं मनःपूर्वक अभिनंदन केलं, पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा दिल्या आणि लगोलग आठवण केली की पंपाच्या नवीन पॉलिसीची प्रत पुरवठादाराकडून मागवायला विसरू नये. आम्ही तिघं जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून हसलो.

तेवढ्यात माझ्या होणाऱ्या सासूबाई धापा टाकत वर आल्या. त्यांना कुणीतरी खाली सांगितलं होतं की मुलगी वर कुणा एजंटाशी बोलतीय आणि मुलगाही त्यात सामील आहे. त्यांनी कमरेवर हात ठेवले. "कोण ह्यो एजंट? लगीन व्हायच्या आधीच माझ्या पोराचा विमा काढाय लागलाय व्हय?"

मग त्यानंच आईला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, बंद पडलेल्या पंपापासून. त्या ऐकत राहिल्या. ऐकता ऐकता त्यांचा राग गेला आणि कुतूहल आलं. त्यांनी फोन मागून घेतला, मेंदीचा डाग पदरानं स्वच्छ पुसला आणि त्याला विचारलं की निपाणीजवळचं हायवेचं काम कधी संपणार. फोन अदबीनं म्हणाला की तो प्रकल्प आपल्या नोंदींमध्ये नाही. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे ह्याला बी म्हाईत न्हाय." आणि फोन परत देऊन समाधानानं खाली गेल्या. खाली जाऊन त्यांनी पप्पांना विचारलं की तुम्ही खरंच विमा काढला नाही का, आणि जेवणं होईपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं.

मेंदी सुकली तेव्हा डाव्या तळव्यावरचं फूल पुसलेलं होतं. मैत्रिणीला वाईट वाटलं, मला काहीच वाटलं नाही. काकांनी माग बंद केले. त्या शांततेत मला अंगठी घालताना सगळ्यांना माझं हसणं स्पष्ट ऐकू आलं. फोटोवाला म्हणत होता, ताई, थोडं कमी हसा, डोळे बंद दिसतायत. अण्णा पेढ्यांचा मोठा बॉक्स घेऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी माझ्या सासऱ्यांना एजंट कसा चालतो ते सांगायला घेतलं, जणू तो त्यांनीच बनवला होता.

दुपार टळल्यावर मंडळी परत निघाली. मी साडी बदलून आईबरोबर भांडी आवरत होते तेव्हा फोनवर त्याचा मेसेज आला. आमच्यातला तो पहिलाच मेसेज. नुसता फोटो होता. नंतर कळलं, सासूबाईंनी हट्ट धरला होता की एवढा गोंधळ ज्याच्यापायी झाला तो पंप बघायचाच. गाडी निपाणीतलं घर मागं टाकून सरळ कोगनोळीकडं गेली होती. गेटवर मॅडमनी अडवलं, हेल्मेटशिवाय कुणालाही आत सोडणार नाही. फोटोत सासूबाई साखरपुड्याच्या जरीच्या साडीत उभ्या होत्या, अंबाड्यातल्या गजऱ्यावर पिवळं हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा घट्ट. शेजारी मॅडम, तशाच पिवळ्या हेल्मेटमध्ये. मागं पंपाची लांब मान आभाळात गेलेली आणि वर स्लॅबवर माणसं काँक्रीट पसरत होती. सासूबाई त्यांच्याकडं बोट करून मॅडमना काहीतरी सांगत होत्या. मॅडम लक्ष देऊन ऐकत होत्या.

मी तो फोटो आईला दाखवला. आईनं हात पुसले, फोन जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाली, "तुझ्या सासरी नीट चाललंय बघ."